उत्तर खाली असलेले गाव

विघ्नांचा परिहार करणाऱ्या श्रीगजाननास, जिव्हाग्री शब्द ठेवणाऱ्या वाग्देवीस, आणि ज्या ज्या नदीचे पाणी या देहाने आजवर प्राशन केले त्या सर्व नद्यांस वंदन करून लेखणी हाती घेतो. निमित्त आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे आहे. संपादिकाबाई लंडनच्या पिनर भागातील आमच्या घरी आल्या आणि सौ.च्या हातचा अनारसा मोडता मोडता म्हणाल्या, "काका, तुम्ही इतकी वर्षं त्या टोकाच्या गावात प्रॅक्टिस केलीत, त्यावर लिहाच." दीपोत्सवात कोणी काही मागितले तर त्यास विन्मुख पाठवू नये, अशी आमच्या घरची रीत. म्हणून हा प्रयत्न.

मी वाईस कृष्णाकाठी वाढलो. वडील वेदपाठशाळेत शिकवीत, म्हणून आधी रूपे, कोश आणि संहिता पाठ झाल्या, आणि मग वैद्यकाची पुस्तके हाती आली. पुण्याहून इंग्लंडातील लीड्सच्या रुग्णालयात व तेथून त्या गावी कसा गेलो, हा तपशील वगळतो. त्यात आता मलाही रस उरलेला नाही. गावाविषयी मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण जे घडले ते त्या गावाच्या भूगोलातूनच घडले. गावाचे नाव लिहीत नाही, आणि माणसांची नावे बदलली आहेत. वैद्याने रुग्णाच्या घराचा पत्ता चारचौघांत सांगू नये.

स्कॉटलंडचा नकाशा भिंतीवर टांगला तर ते गाव अगदी वरच्या कडेला येते. (हा ‘वर’ शब्द वाचकाने ध्यानात असू द्यावा, पुढे त्यानेच घोटाळा केला.) भूगोलाच्या पुस्तकात ज्यास उपध्रुवीय हवामान म्हणतात त्याच्या उंबरठ्यावर हे गाव बसलेले आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेच्या टेकडीवर जेमतेम डोकावतो आणि दुपारीच मावळतीला लागतो. उन्हाळ्यात तो मावळला तरी उजेड सरत नाही. नित्य संध्या करणाऱ्या माणसास तेथे मोठाच पेच पडतो. ज्येष्ठ-आषाढात सायंसंध्येचे आचमन करून उठावे तो आकाशात प्रातःसंध्येचा रंग दिसू लागे. मी अखेर घड्याळास प्रमाण मानले आणि सूर्यनारायणाची क्षमा मागितली.

वृक्ष जवळजवळ नाहीतच. वारा त्यांना उभे राहू देत नाही. गावामागे मैलोगणती दलदलीचे पठार आहे. तेथे शतकानुशतके शेवाळ आणि गवत कुजून मऊ काळ्या मातीचा थर साचला आहे. त्यास पीट म्हणतात. त्याच्या विटा कापून, वाळवून लोक चुलीत जाळतात. नदी या पठारावर उगम पावते आणि त्या मातीचा रंग घेऊनच खाली येते. आम्ही प्रथम गेलो त्या सकाळी सौ. सुमतीने स्वयंपाकघरातील नळ सोडला आणि हाक मारली, "अहो, इकडे या! नळाला कोरा चहा येतोय!"

मी पाहिले. खरोखरच तसा रंग होता.

"आता देवाला हे पाणी घालायचं?" ती म्हणाली.

"नदीचं आहे," मी म्हणालो. "नदीला रंग विचारत नाहीत."

"तुम्हाला काय जातंय बोलायला. माझे बाळकृष्ण आधीच काळे, आता त्यांना ओळखू कसे?"

गावात एक रस्ता, एक पूल, एक चर्च, एक शाळा, एक दुकान. दुकानातच टपालघर. पुलाजवळच्या दगडी घरात खाली आमची सर्जरी, म्हणजे दवाखाना, आणि वर आम्ही. गाव वसले ते नदीत पायी ओलांडता येण्याजोगी जागा होती म्हणून. आपण मराठीत अशा जागेस उतार म्हणतो, आणि संस्कृतात तिचेच नाव तीर्थ. आज तीर्थ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे देऊळ येते. मुळात तो नदी तरून जाण्याचा मार्ग. या अर्थाने मी आयुष्यभर एका तीर्थक्षेत्री राहिलो, असे सुमतीला म्हणालो की ती म्हणे, "हो, फक्त प्रसाद मिळत नाही."

इतिहासही तेथे नदीनेच लिहिलेला आहे. समुद्राकडून गलबतांतून नॉर्वेकडचे नॉर्स लोक आले, त्यांनी खाड्यांना आणि खडकांना आपल्या भाषेतली नावे दिली. खोऱ्यात गेलिक बोलणारे होते, त्यांनी डोंगरांना आणि ओढ्यांना नावे दिली. त्यामुळे नदीच्या मुखापाशी एक भाषा आणि उगमापाशी दुसरी, असा प्रकार आजही नकाशावर दिसतो. पुढे दोनेकशे वर्षांपूर्वी जमीनदारांना माणसांपेक्षा मेंढ्या अधिक किफायतशीर वाटल्या. खोऱ्यातील कुळांना घरांबाहेर काढले, छपरे जाळली, आणि माणसांना समुद्रकाठच्या खडकाळ पट्ट्यात आणून सोडले. ज्यांनी कधी होडी पाहिली नव्हती त्यांना मासेमारी करा म्हणून सांगितले. कित्येक जण जहाजाने कॅनडात गेले आणि तेथील उत्तरेच्या, याहूनही थंड नद्यांकाठी त्यांनी वसाहती केल्या. खोऱ्यातून फिरताना गवतात दगडी चौथऱ्यांच्या रांगा लागतात. मी त्यांना ओलांडून कधी गेलो नाही. वळसा घालून जात असे. कोणाच्या तरी देवघराची ती जागा असेल, असे मनात येई.

अशा गावचा डॉक्टर काय करतो, असे येथील तरुण मंडळी विचारतात. शहरात ज्या ज्या कामाला वेगळा माणूस असतो ते सारे करतो. तपासतो, औषधे स्वतःच बाटलीत भरून देतो, जखमा शिवतो, कानातला मळ काढतो, आणि कोणी गेले तर घरी जाऊन बसतो. मेंढपाळ आपल्या कुत्र्याच्या पायातला काटा मलाच दाखवीत. गुरांचा डॉक्टर लांब होता, आणि "हा रुग्ण निदान तक्रार तरी करत नाही," असे त्यांचे म्हणणे. कृतज्ञता व्यक्त करण्याची तेथील पद्धत म्हणजे पहाटे कोणी तरी आमच्या दाराच्या मुठीला अख्खा सामन मासा अडकवून जाई. कोणी दिला ते विचारायचे नसते. आम्ही शाकाहारी हे सांगण्यास मला धैर्य झाले नाही. सुमती पदराने नाक धरून तो मासा जेसीबाईंकडे पोहोचवी.

जेसीबाई ह्या आमच्या नर्स. माझ्याहून वयाने मोठ्या, सुईणीचे रीतसर शिक्षण घेतलेल्या, आणि जिभेने सुरीसारख्या. इंग्रजीत तू आणि तुम्ही हा भेद नाही. परंतु माझ्या मनात त्या प्रथमपासून ‘तुम्ही’ होत्या. "डॉक्टर," त्या म्हणत, "तुमच्या धर्मामुळे माझी मांजरं लठ्ठ झाली."

आता त्या ‘वर’विषयी. गावात येऊन फार दिवस झाले नव्हते. ह्यू नावाच्या वयस्क शेतकऱ्याचा दूरध्वनी आला. लघवी अडली होती आणि तो कळवळत होता. मी पत्ता विचारला. "पुलापासून वर या. दुसऱ्या फाटकापाशी. चुकायला जागाच नाही," तो म्हणाला.

मी नकाशा पाहिला. वर म्हणजे उत्तर. एवढे शाळकरी मुलासही कळते. आणि मला तर लहानपणापासून ठाऊक होते की ‘उत्तर’ या शब्दाचा अर्थच ‘अधिक वर’ असा आहे. ‘उद्’ म्हणजे वर, आणि ‘तर’ हा तुलनेचा प्रत्यय. दक्षिणेस आपले पूर्वज ‘अवाची’ म्हणत, म्हणजे खाली गेलेली. भाषा, व्याकरण आणि नकाशा तिघांचेही एकमत. मी गाडी काढली, उत्तरेस निघालो, पहिले फाटक ओलांडले, दुसरे ओलांडले, आणि समोर समुद्र आला. वाळूवर सील प्राणी पहुडले होते. त्यांनी माना उंचावून माझ्याकडे पाहिले. आसपास मनुष्यवस्तीची खूणही नव्हती.

परत येऊन, दुकानात विचारून, उलट्या दिशेने ह्यूच्या घरी पोहोचलो तेव्हा तो बिछान्याची कड धरून घामाघूम झाला होता. नळी घातली, त्यास मोकळे केले. चेहऱ्यावर रंग आल्यावर तो म्हणाला, "डॉक्टर, सीलांची तब्येत कशी आहे?"

मी येण्याआधीच दुकानातून बातमी पोहोचली होती.

दुसऱ्या दिवशी जेसीबाईंनी मला समोर बसवून धडा दिला. या गावातील लोक नदीला नुसते ‘पाणी’ म्हणतात, आणि सर्व दिशा पाण्यावरून सांगतात. पाणी येते तिकडे वर, पाणी जाते तिकडे खाली. नदी उत्तरवाहिनी आहे; म्हणून येथे दक्षिण वर आहे आणि उत्तर खाली.

"परंतु उत्तर म्हणजेच वर," मी म्हणालो, आणि त्यांना शब्दाची फोड करून सांगितली.

त्यांनी चहाचा घोट घेतला. "म्हणजे तुमच्याकडच्या नद्या डोंगर चढतात?"

"नाही. आमच्याकडे डोंगर उत्तरेलाच आहेत. हिमालय. नद्या तिथून..." असे म्हणत मी थांबलो.

"तिथून खाली येतात," वाक्य त्यांनी पुरे केले. "मग तुमच्या शब्दाला नावं ठेवायला नकोत. त्याच्या गावी तो बरोबर आहे. तुम्ही त्याला इथं आणलंत, चूक तुमची."

ही उपपत्ती भाषापंडितांस मान्य होईल की नाही ते मी जाणत नाही. परंतु त्या दिवशी संध्येस बसलो तेव्हा एक गोष्ट मनात स्थिर झाली. ज्या ऋषींनी हा शब्द घडवला तेही कोठेतरी पाण्याकाठी उभे असतील, आणि पाणी कोठून येते ते पाहूनच त्यांनी ‘वर’ ठरवले असेल. त्यांचे आणि जेसीबाईंचे शास्त्र एकच. हळूहळू मीही ‘वर’ म्हणताना दक्षिणेकडे हात करू लागलो. सुट्टीत एडिनबराला गेलो की सुमती हसे, "अहो, तुमची मान उलटी फिरली आहे."

अशी बरीच वर्षे गेली, आणि कर्स्टीचा प्रसंग आला.

कर्स्टीचे कुटुंब खोऱ्यातून हाकललेल्यांपैकी. पिढ्यानपिढ्या ते समुद्रकाठी राहिले. ही मुलगी मात्र जिद्दीने वर परतली. दुसऱ्या उतारापाशी एक पडके घर भाड्याने घेऊन, त्यावर छप्पर घालून, नवरा ॲलिस्टर याच्यासह मेंढ्या पाळू लागली. त्या लांबच्या लांब खोऱ्यात धूर निघणारे ते एकच घर होते. तिला दिवस गेले तेव्हा ती सर्जरीत आली. माझ्या मनात ती ‘तू’ होती. तिला लहानपणी मीच लस टोचली होती.

त्या सुमारास आमच्या गावात कोणी जन्मत नसे. हे वाक्य विचित्र वाटेल, म्हणून खुलासा करतो. पूर्वी बाळंतपणे घरी अथवा आमच्या सर्जरीच्या मागच्या खोलीत होत. पुढे नियम बदलले. दक्षिणेकडील मोठ्या शहरात सर्व सोयींचे रुग्णालय होते. तारखेच्या आधी दोन आठवडे गर्भवतीने तेथे जाऊन राहायचे, असे ठरले. नियम योग्यच होता. त्याने जीव वाचले, हे मी डॉक्टर म्हणून शपथेवर सांगेन. परंतु परिणाम असा झाला की गावातील प्रत्येक नव्या मुलाच्या जन्मस्थानापुढे त्या शहराचे नाव येऊ लागले. गावात फक्त मरण उरले.

"डॉक्टर, मला घरीच बाळंत व्हायचंय," कर्स्टी म्हणाली.

"पहिलं बाळ आहे. घर एकटं आहे. काही झालं तर मी काय करू?"

"आमच्या घराण्यातलं जे शेवटचं मूल खोऱ्यात जन्मलं, त्याला पाळण्यासकट उचलून बाहेर काढलं होतं. आजी सांगायची. त्यानंतर तिथं एकही नाही. मी छप्पर घातलं ते मेंढ्यांसाठी नव्हे."

 तरी मी होकार दिला नाही. देव आणि वंश यांवर माझी श्रद्धा आहे, तशी रक्तस्रावाच्या भीतीवरही आहे. आम्ही बराच वेळ बोललो. शेवटी ती उठली. "बरं. तुम्ही म्हणता म्हणून जाईन. पिशवी भरून ठेवते," ती म्हणाली, आणि दारात वळून, "पण मनापासून नाही, हे लिहून ठेवा."

पिशवी भरली होती. शहरात जाण्याचा दिवसही ठरला होता. त्याच्या आधीच बर्फ पडू लागले आणि पठारावरून दक्षिणेस जाणारा रस्ता बंद झाला. दुसऱ्या सकाळी ॲलिस्टर ट्रॅक्टर घेऊन पुलाजवळ आला. खोऱ्यातील वाटेवर दुसरे वाहन चालणे शक्यच नव्हते. "सुरू झालं," एवढेच तो म्हणाला. जेसीबाई आणि मी आमच्या पेट्या घेऊन त्या ट्रॅक्टरवर बसलो. माझी गाडी, आणि तिच्यातला नकाशा, पुलाजवळच राहिला.

बाळंतपण नीट झाले. स्वयंपाकघरात चुलीत पीट जळत होते, तेथेच जेसीबाईंनी गादी मांडली होती. दुपारच्या आधी मुलगी झाली, आणि तिने असा स्वर लावला की ॲलिस्टर गोठ्यातून धावत आला. कर्स्टीने बाळाकडे पाहिले, मग छपराकडे पाहिले, आणि हसली. तिला हवे ते मिळाले होते.

त्यानंतर मला भय होते तेच घडले. वार पडली, पण गर्भाशय आकसेना. रक्त थांबेना. गर्भाशय आकसण्याचे इंजेक्शन दिले, पोट चोळले, सलाइन लावले. थोडे थांबे आणि पुन्हा सुरू होई. तिचे ओठ पांढरे पडू लागले. आता तिला रक्त आणि शस्त्रक्रियेची सोय हवी होती, आणि ती दोन्ही त्या शहरात होती. हेलिकॉप्टरखेरीज उपाय नव्हता, आणि त्याला उतरण्यापुरता उजेड फार तर दोनेक तास टिकणार होता.

जेसीबाईंनी दोन्ही हातांनी पोट दाबून धरले आणि मी भिंतीवरचा दूरध्वनी घेतला. ॲम्ब्युलन्स कंट्रोलमधला माणूस शांत व सभ्य होता. पठारावर ढग उतरले असल्याने हेलिकॉप्टर समुद्रावरून वळसा घालून येईल, गावचा पूल वैमानिकास ठाऊक आहे, तेथून पुढे कोठे यायचे ते सांगा, असे तो म्हणाला.

"पुलापासून वर," मी सांगितले. "दुसऱ्या उतारापाशी. एकच घर आहे, धूर दिसेल."

"पुलापासून वर. कळलं, डॉक्टर. कळवतो." त्याने दूरध्वनी ठेवला.

जेसीबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. हात मात्र हलू दिले नाहीत. "काय सांगितलंत त्याला?"

"पुलापासून वर."

"अहो डॉक्टर, तो शहरातला माणूस आहे! त्याची उत्तर वर आहे! जातंय आता ते विमान सीलांचं बाळंतपण करायला!"

 पूर्वी मी परका होतो म्हणून चुकलो होतो. आता त्या गावाची भाषा माझ्या इतकी अंगवळणी पडली होती की परक्याशी कसे बोलावे तेच विसरलो. मी पुन्हा दूरध्वनी फिरवला. व्यग्र. पुन्हा फिरवला. व्यग्र. कर्स्टी डोळे मिटून पुटपुटली, "कोण चुकलं?" जेसीबाई म्हणाल्या, "कोणी नाही, बाळा. डॉक्टर आपल्यातले झालेत, एवढंच." ॲलिस्टर बाळाला कोटात गुंडाळून दारात उभा होता. मी एका हाताने तारेची वेटोळी धरून, आयुष्यात ज्या आर्ततेने कधी जप केला नव्हता त्या आर्ततेने, नाम घेत क्रमांक फिरवीत होतो. मनात वाईच्या घाटावरचा गणपती उभा राहिला, आणि त्याच्या मागून वाहणारे ते तांबूस पाणी. दोन्ही नद्या एकमेकींत मिसळून गेल्या.

दूरध्वनी लागला.

"दक्षिण!" मी ओरडलो. आजन्म मी रुग्णासमोर आवाज चढवला नव्हता. "पुलाच्या दक्षिणेला! उगमाकडे! पाण्याच्या उलट!"

"पण आपण म्हणालात, वर..."

"मी म्हणालो ते विसरा. त्यांना मागे फिरवा!"

थोडा वेळ नुसता खरखराट ऐकू आला. मग तो म्हणाला, "ते किनाऱ्यावर वाळूत घर शोधताहेत. फिरवतो."

ॲलिस्टरने बाळ माझ्या हाती दिले, अंगणात धावत जाऊन चाऱ्याच्या गंजीची ताडपत्री ओढून काढली आणि कोरडा चारा पेटवून त्यावर ओले पीट टाकले. पांढऱ्या खोऱ्यात धुराची काळी रेघ उभी राहिली. माझ्या हातात ते काही घटकांचे मूल होते, आणि मला त्याच्यासाठी एकही मंत्र आठवेना. मी केवळ "असू दे, असू दे" म्हणत राहिलो. मग कानांवर पंख्याचा आवाज आला. तो खालून, म्हणजे उत्तरेकडून, पाण्याच्या अंगाने वर चढत येत होता.

मायलेकींना आणि जेसीबाईंना घेऊन हेलिकॉप्टर उडाले तेव्हा टेकडीवरचा उजेड जाऊ लागला होता. मी आणि ॲलिस्टर स्वयंपाकघरात परतलो. दोघांनी मिळून फरशी धुतली. तो एकदाच बोलला, "डॉक्टर, चहा?" आणि त्याच नदीचे पाणी त्याने चुलीवर ठेवले.

त्या रात्री शहराच्या रुग्णालयातून निरोप आला, की रक्त दिले, शस्त्रक्रिया केली, धोका टळला. सुमतीने ऐकले, देवापुढे साखर ठेवली आणि मग मला म्हणाली, "जेवून घ्या. आणि उद्यापासून तुम्ही ‘वर’ शब्द वापरायचा नाही. घरातसुद्धा."

येथे थोडे विषयांतर करून सांगतो, की त्या गावाविषयी मला आज जी हुरहुर वाटते ती केवळ वयाची नव्हे. मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या जागी कायमचा डॉक्टर मिळाला नाही. आता आळीपाळीने वेगवेगळे येतात, भले असतात, परंतु त्यांना ‘पाणी’ म्हणजे काय हे दर वेळी नव्याने सांगावे लागते, असे जेसीबाई कळवीत. त्याही आता नाहीत. शाळेत मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. पिनरमध्ये मला सर्व काही मिळते, देऊळ, भाजी, मराठी बोलणारे शेजारी. नळाला स्वच्छ पाणी येते. सकाळी अर्घ्य देताना मात्र ते पाणी हातात कोरे वाटते.

कर्स्टीचा दूरध्वनी आला तो त्या बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी. सर्जरीत रुग्ण बसले होते. आवाज खोल गेला होता, तरी तिचाच होता.

"डॉक्टर, एक विचारू? इथल्या बाईनं बाळाच्या कागदावर या शहराचं नाव घातलं होतं. म्हणाली, दाखल इथं झाली, म्हणजे जन्म इथला."

मी विचारले, "मग?"

"जेसी तिथंच उभी होती. झोपली नव्हती, तोंड धुतलं नव्हतं. तिनं त्या बाईला विचारलं, ‘मुली, तू होतीस का तिथं? मी होते.’ कागद फाडायला लावला. नवा करायला लावला."

"आणि काय लिहिलं?"

तिने घराचे नाव सांगितले. मग खोऱ्याचे, मग गावाचे. एकेक शब्द सावकाश, जणू जन्मस्थान म्हणून हे शब्द एकत्र उच्चारायला तिच्या घराण्यात मध्ये बराच काळ कोणी नव्हते. मी ती नावे समोरच्या कागदावर लिहून घेतली. समोर बसलेल्या, आता अगदी थकलेल्या ह्यूने माझ्याकडे पाहून आपली टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"डॉक्टर, आहात ना?" कर्स्टी म्हणाली. "झालं, एवढंच. आता सांगा, मी जगणार आहे की नाही? इथं मला कोणी नीट सांगत नाही."

"जगणार आहेस," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. "मग मेंढ्यांना चारा घातला का, ते ॲलिस्टरला विचारा."

वाचकहो, आपण कोणत्याही नदीच्या कोणत्याही काठी असा, आपल्या घरी दिवा अखंड राहो, आणि संकटसमयी योग्य शब्द योग्य वेळी ओठांवर येवो. आपल्या घरात येणारे प्रत्येक बाळ सुखरूप येवो, त्याची माता त्याला कुशीत घेऊन उठो, आणि ‘तुझं गाव कोणतं’ असे कोणी विचारता त्याला अभिमानाने एका गावाचे नाव घेता येवो. श्रीगजानन आपणा सर्वांस, घरातील वडीलधाऱ्यांसह व लेकरांसह, आरोग्य देवो.